शिरोरेषा अखंड राहावी म्हणून

मराठी मुद्रणाचा इतिहास आपण वर्गात बहुधा ग्रंथ, छापखाना आणि साल या क्रमाने शिकवतो. त्या ग्रंथाचे पान कोणी घडविले, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक पान घडविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, लिपीचे रूपही त्याच्याच हाती असते.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणी अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात कामाला लागले. पुढे १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. आधी अक्षर, मग छापखाना, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गिरगावला लागून असलेल्या काळबादेवीत राणोजी आरू यांच्या कोरणीतून उतरलेल्या त्या वळणाने देवनागरी पानाची प्रतिष्ठा ठरविली. मात्रा, रफार वर आणि उकार खाली, अशा मजल्यांची ही लिपी रोमन खिळ्यांच्या मापात बसत नव्हती. तेव्हा मापच बदलणे भाग होते.

संगणकाच्या पडद्यावर तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ‘वर्डप्रेस’ सिद्ध केली, तीही ‘बी-टू’ या आधीच्या आज्ञावलीतून. मूळ कर्त्याचे काम थंडावले असताना ती पुढे नेता आली, कारण तिचा परवानाच मुक्त होता. या प्रणालीत मजकूर एकीकडे साठतो आणि पानाचे रूप ‘थीम’ ठरविते. परंतु बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर कमी पडले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

आमच्या विभागाच्या संकेतस्थळावर हेच घडले होते. आम्ही मूळ थीममध्येच दुरुस्ती केली, आणि थीमची पुढची आवृत्ती येताच ती पुसली गेली. असे बदल वेगळ्या ‘चाइल्ड थीम’मध्ये लिहायचे असतात, हे आम्हाला उशिरा उमगले. प्रत्यक्ष दुरुस्ती दोन ओळींची होती: अक्षरांतर शून्य, ओळींतले अंतर अधिक.

निर्णयसागरचे खिळे इतर छापखानेही विकत घेत. पण त्यांना ते जुळवता येत, नव्याने कोरणे सहसा आवाक्याबाहेरचे असे. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘मुक्ता’ हा टंक मात्र कोणालाही बदलता येतो. कोरणी आता आपल्याही हाती आली आहे. तरीही मराठीचे अध्यापक म्हणविणारे आपण शुद्धलेखनाच्या एका चुकीवर तास घालवतो आणि तुटलेल्या शिरोरेषेकडे ‘तांत्रिक बाब’ म्हणून पाठ फिरवतो. जावजींना ती तांत्रिक बाब वाटली असती, तर त्यांनी छापखान्याआधी ओतशाळा काढली नसती.