निळं खोकं : मॉडेल रेल्वेच्या किटचं काय झालं?

आज आपण एका पुठ्ठ्याच्या खोक्याचा इतिहास बघणार आहोत. खोकं निळ्या रंगाचं, वीतभर लांब. आत मालगाडीच्या एका डब्याचे सुटे भाग. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेच्या दुकानात हे खोकं जवळजवळ अर्धशतक फळीवर हमखास असायचं. कंपनीचं नाव अ‍ॅथर्न. पण छंद करणारे कंपनीचं नाव घेतच नसत, नुसतं ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. 2009 च्या सुमारास ही खोकी निघणं थांबलं.

ती का थांबली? ‘हल्लीच्या लोकांना हातानं काही करायलाच नको’ हे उत्तर तयार असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. खोक्यामागचा हिशेब बघितला की वेगळंच चित्र दिसतं.

आधी खोक्यात काय असायचं ते बघू. प्लास्टिकच्या साच्यातून काढलेला, रंगवून अक्षरं छापलेला डब्याचा सांगाडा. खालची चौकट. डबा रुळावर स्थिर राहावा म्हणून वजनाला लोखंडी पट्टी. चाकं बसवलेले दोन गाडे. दोन कपलिंग. थोडे स्क्रू. घरी लागायचा एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि अर्धा तास. काम इतकं सोपं की जुनेजाणते लोक याला ‘शेक-द-बॉक्स’ म्हणायचे. म्हणजे खोकं जरा हलवा, डबा आपोआप तयार होतो! हे टोपणनाव लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आता थोडं मागे जाऊ. 1930 चं दशक, महामंदीचा काळ. लायोनेलसारख्या कंपन्यांच्या पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्या बाजारात होत्या. पण खऱ्या गाडीच्या मापाशी तंतोतंत जुळणारी लहान प्रतिकृती हवी असेल, तर ती बहुतेक स्वतःच बनवावी लागे. लाकूड, पुठ्ठा, पितळी तार, सोल्डर. अशा लोकांसाठी अल काल्मबाख यांनी जानेवारी 1934 मध्ये मिल्वॉकी शहरातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केलं. पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, त्याच शहरात नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संघटना स्थापन झाली.

या संघटनेचं मोठं काम म्हणजे मापं ठरवणं. रुळांमधलं अंतर किती, चाकाची कड किती, हे एकदा ठरलं की एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर धावतो. एचओ हे माप पुढे सर्वांत लोकप्रिय झालं. त्यात खरी गाडी 87 पट लहान होते आणि रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर येतं. माप एक झालं म्हणून एक कंपनी नुसती चाकं, दुसरी नुसती कपलिंग, तिसरी नुसते डबे बनवून जगू शकली. किटचा बाजार या पायावर उभा राहिला.

सुरुवातीची किटं लाकडाची आणि ठोकलेल्या पत्र्याची होती. एक डबा म्हणजे काही संध्याकाळींचं काम. कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक साच्यात ओतण्याचं तंत्र स्वस्त झालं आणि चित्र बदललं. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न इथे अर्व्हिन अ‍ॅथर्न या गृहस्थांनी 1946 मध्ये आपलं बस्तान बसवलं. पुढे 1950 च्या दशकात त्यांनी प्लास्टिकवर भर दिला.

साच्याचं गणित असं असतं की पोलादी साचा करायला भरपूर पैसे लागतात, पण तो एकदा झाला की एकेक सांगाडा अगदी स्वस्तात पडतो. मग खर्च कुठे उरतो? माणसाच्या हातात. स्क्रू पिळायला, गाडे बसवायला, कठडे अडकवायला अमेरिकन कामगार लावायचा, तर त्याची मजुरी अमेरिकन. अ‍ॅथर्नसारख्या कंपन्यांनी हे शेवटचं काम गिऱ्हाइकावर सोपवलं. गिऱ्हाइकानं आपला अर्धा तास दिला आणि त्या बदल्यात डबा स्वस्तात घेतला. किट म्हणजे खरं तर हा सौदा होता. ज्याच्या खिशात थोडे पैसे आणि हातात भरपूर वेळ आहे, अशा शाळकरी मुलालाही तो परवडायचा.

या सौद्यातून शिक्षणही व्हायचं. पहिल्या डब्याला नुसते स्क्रू पिळले. मग लक्षात आलं की खोक्यातलं आकड्यासारखं कपलिंग काही खऱ्यासारखं दिसत नाही. म्हणून केडी कंपनीचं, चुंबकानं सुटणारं धातूचं कपलिंग आणून बसवलं. मग डब्याला धूळ-गंज दिसेल असा रंग दिला. मग दोन खोकी विकत घेऊन, कापून, जोडून, बाजारात नसलेला तिसराच डबा केला. या प्रकाराला ‘किटबॅशिंग’ म्हणतात. आणि एक दिवस खोक्याशिवाय, नुसत्या प्लास्टिकच्या पत्र्यातून अख्खं स्टेशन उभं केलं. पायरी-पायरीनं माणूस वर जायचा, आणि पहिली पायरी इतकी बुटकी होती की कुणीही चढावं.

मग ही पहिली पायरी काढली कुणी?

त्याची चाहूल फार आधी, जपानमधून लागली होती. युद्धानंतर जपानमध्ये हातानं घडवलेली पितळी इंजिनं अमेरिकेत येऊ लागली. पॅसिफिक फास्ट मेलसारख्या आयातदारांनी ती आणली. अमेरिकन कारागिराकडून तसं इंजिन करवून घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. जपानी मजुरीत ते जमलं. पुढे येन महागला, जपानी मजुरी वाढली, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम कोरियाकडे सरकलं. म्हणजे नियम स्पष्ट होता. ज्या देशात हाताचं काम स्वस्त, तिथे इंजिन जोडलं जाणार. पण पितळी इंजिन ही तेव्हा चैनीची वस्तू. निळ्या खोक्याला त्याची झळ लागली नाही.

झळ लागली ती चीनमुळे. 1987 मध्ये हाँगकाँगच्या केडर कंपनीनं फिलाडेल्फियाची बाखमन कंपनी विकत घेतली. 1990 च्या दशकात दक्षिण चीनमधल्या कारखान्यांतून प्लास्टिकची तयार मॉडेल्स मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, आणि ती ओबडधोबड नव्हती. डब्यावर चढायची शिडी वेगळी बसवलेली, हाताला धरायच्या दांड्या तारेच्या, ब्रेकच्या नळ्या सुट्या, छपाई भिंगातून वाचावी इतकी बारीक. निळ्या खोक्यातल्या डब्यावर हीच शिडी सांगाड्याच्या प्लास्टिकवर उंचवट्यासारखी उमटवलेली असायची.

आता सौद्याचं काय झालं बघा. किटमध्ये तुम्ही तुमचा अर्धा तास देऊन अमेरिकन मजुरी वाचवत होता. पण ते काम ग्वांगडोंगमधल्या मजुरीवर होऊ लागलं, तेव्हा किट आणि तयार डबा यांच्या किमतीतला फरक आटला. शिवाय नवा डबा किट म्हणून विकायचा तर ते बारीकसारीक तुकडे घरी चिमट्यानं बसवावे लागणार. ते अर्ध्या तासाचं काम नव्हे, चार-पाच संध्याकाळी जाणार. एका बाजूला किट स्वस्त राहिलं नाही, दुसऱ्या बाजूला सोपंही राहिलं नाही.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. केडीच्या कपलिंगची पेटंटं संपल्यावर तशीच कपलिंग इतर कंपन्याही कारखान्यातच बसवून देऊ लागल्या. त्यामुळे नवशिक्याचं पहिलं सुधारणेचं काम गेलं. आणि 1990 च्या दशकात डिजिटल नियंत्रण आलं. प्रत्येक इंजिनात एक छोटं सर्किट, पुढे आवाजही. हे सगळं कारखान्यात बसवून, तपासून आलेलं बरं, असं गिऱ्हाइकालाच वाटू लागलं. छंद करणाऱ्यांचं वयही वाढत होतं. साठीतल्या माणसाकडे पैसे होते, पण बारीक काम करणारी नजर पूर्वीची नव्हती.

अर्व्हिन अ‍ॅथर्न 1991 मध्ये वारले. त्यांच्या कंपनीनं किटसोबत जोडून तयार डब्यांची मालिका सुरू केली. 2004 मध्ये होरायझन हॉबी या कंपनीनं अ‍ॅथर्न विकत घेतली. ‘राउंडहाउस’ नावानं किटं विकणारी मॉडेल डाय कास्टिंग ही आणखी एक जुनी कंपनीही तिच्याकडेच आली. दोन्हीकडचे साचे मोडीत निघाले नाहीत. त्यांतले बरेचसे डबे पुढेही निघत राहिले, फक्त जोडलेले. खोक्यातला माल तोच होता, अर्धा तास तेवढा तुमच्याकडून काढून घेतला गेला.

आता त्या ‘शेक-द-बॉक्स’ टोपणनावाकडे परत येऊ. ते नाव कौतुकानं पडलेलं नव्हतं. लाकूड घासून डबे करणाऱ्यांच्या नजरेत निळं खोकं म्हणजेच रेडीमेडचा अवतार होता. खोकं हलवून डबा करणारे हे कसले कारागीर, असा तो टोमणा. आज ज्या खोक्यासाठी हळहळ व्यक्त होते, ते एकेकाळी आळसाचं लक्षण मानलं गेलं होतं. म्हणून ‘पूर्वीचे लोक कष्टाळू होते’ या वाक्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. आणि तयार मॉडेलनं दिलेलं श्रेयही नाकारू नये. ज्याला डबे जोडण्यापेक्षा गाड्या वेळापत्रकानुसार चालवण्यात रस आहे, त्याला आज पूर्वी स्वप्नातही नसलेली अचूकता मिळते.

पण गेलं तेही मोठं आहे. एक तर दुकानाच्या फळीवर कायम मिळणारा माल गेला. तयार मॉडेल मर्यादित संख्येत निघतं. आधी नोंदणी करा, संपलं की संपलं. दुसरं म्हणजे, सगळी कामाची माणसं दूरच्या थोड्याच कारखान्यांत एकवटली. याचा फटका ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीनं अनुभवला. तिनं 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्गेटमधलं उत्पादन चीनला हलवायला सुरुवात केली. तिचा मुख्य पुरवठादार सांडा कान हा 2008 च्या अखेरीस केडरनं, म्हणजे स्पर्धक बाखमनच्या मालकानंच, विकत घेतला. त्यानंतर काही वर्षं हॉर्नबीला वेळेवर माल मिळेना. गंमत अशी की हा हॉर्नबी म्हणजे आपल्या मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी. 1920 मधली त्याची पहिली चावीची आगगाडी मेकॅनोसारखीच नट-बोल्टनं जोडलेली, पुन्हा सुटी करता येणारी होती!

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याला लागू पडते. निळं खोकं हा सुट्या भागांचा साठाही होता. चाकं हवीत, चौकट हवी, तर एक स्वस्त खोकं आणायचं आणि वर आपल्याला हवा तो डबा बांधायचा.

हे आपल्याला का लागू पडतं? भारताची ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला 87 नं भागा. उत्तर येतं सव्वाएकोणीस मिलिमीटर. तयार एचओ रूळ मात्र 16.5 चे. म्हणजे डेक्कन क्वीन अचूक मापात करायची असेल, तर रुळांपासून सगळं हातानंच आलं. नाहीतर तडजोड. ग्वाल्हेर संस्थानची छोटी गाडी 610 मिलिमीटरची होती, तिचं उत्तर येतं 7. आणि गायकवाडांच्या डभोईच्या गाडीचं गेज 762. 1862 मध्ये तो मार्ग सुरू झाला तेव्हा डबे बैल ओढायचे. 762 भागिले 87 म्हणजे पावणेनऊच्या आसपास. एन मापाचे तयार रूळ 9 मिलिमीटरचे असतात. म्हणजे बडोद्याच्या माणसाचं रुळांचं काम झालंच म्हणायचं! वरचा डबा मात्र त्यालाच बांधायचाय. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेल्यांना अशा हातकामाची कल्पना असेल.

किट संपूर्ण संपलेलं नाही. अमेरिकेत अ‍ॅक्युरेल ही कंपनी अजूनही सुट्या भागांचे साधे डबे विकते. लेझरनं कापलेल्या लाकडाची, रेझिनची किटं मिळतात, थ्रीडी प्रिंटरवर डबे निघतात. पण त्यांतली बरीचशी मुरलेल्या हातांसाठी आहेत. बुटकी पायरी दुर्मीळ झाली.

तेव्हा एक काम करा. तुमच्या गावाला पहिली गाडी आली ती कोणत्या गेजची होती, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आकड्याला 87 नं भागा. पट्टी घेऊन तेवढ्या अंतरावर कागदावर दोन रेघा मारा. अर्धा तासही लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात.