घरातील छायाचित्रांचा संग्रह : निवड, नोंद आणि जतन

जुन्या घरांत छायाचित्रे बहुधा तीन ठिकाणी विखुरलेली असतात : माळ्यावरच्या ट्रंकेत, कपाटातील आल्बमांत आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. संख्या मोबाइलमध्ये सर्वाधिक असली, तरी निकड ट्रंकेतील छायाचित्रांची असते. मोबाइलने टिपलेल्या चित्राबरोबर दिनांक आपोआप नोंदला जातो. ट्रंकेतील चेहऱ्यांची ओळख मात्र घरातील एक-दोन वयोवृद्धांच्या स्मरणातच उरलेली असते. म्हणून आरंभ स्कॅनिंगने नव्हे, नावांच्या नोंदीने करावा.

गोव्यात त्यासाठी चतुर्थीसारखी दुसरी संधी नाही. परगावी गेलेली मंडळी त्या दिवसांत मूळ घरी एकत्र येतात. एकाने छायाचित्र दाखवावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. संभाषणाचे ध्वनिमुद्रणही करावे, कारण नावांमागोमाग प्रसंग निघतात. ‘काकी’ किंवा ‘आजोबा’ एवढेच लिहून भागत नाही. ती काकी कोणाची, हे पुढच्या पिढीस कळणार नाही. पूर्ण नाव, गाव, प्रसंग आणि अंदाजे वर्ष द्यावे. स्त्रियांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेमुळे एकच स्त्री माहेरच्या आल्बममध्ये एका नावाने, तर सासरच्या आल्बममध्ये दुसऱ्याच नावाने आढळते. दोन्ही नावे एकत्र न नोंदल्यास कागदोपत्री तिच्या दोन व्यक्ती होतात.

कृष्णधवल छायाचित्राच्या मागे, काठाजवळ, मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. गुळगुळीत पाठीच्या रंगीत छायाचित्रांवर पेन्सिल उमटत नाही. त्यांच्यासाठी कागदी पाकिटे करून पाकिटावर आधीच लिहून ठेवावे.

जतनातील खरा अडथळा आपला पावसाळा. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात छायाचित्रावरील जिलेटिनचा थर हवेतील ओलावा शोषतो, त्यावर बुरशी धरते आणि चौकटीतील चित्र काचेला चिकटते. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट, दोन्ही टाळावीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. डांबराच्या गोळ्यांनी ओलावा कमी होत नाही.

स्कॅनिंगचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत उरकावे. साध्या आकाराच्या छायाचित्रास ६०० डीपीआय पुरेसे होते. निगेटिव्ह हाती असल्यास ती टाकू नये, तिच्यात छापील प्रतीहून अधिक तपशील असतो. स्कॅन केलेल्या फाइलवर संगणक त्या दिवसाचा दिनांक घालतो, म्हणून फाइलचे नाव मूळ वर्षापासून सुरू करावे. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, एरवी चित्राचा दर्जा घटतो.

मोबाइलमधील सुप्रभात संदेश आणि एकाच क्षणाची दहा चित्रे निःसंकोच पुसावीत. कागदी छायाचित्र मात्र ओळख पटेपर्यंत फेकू नये.

चिकट पानांच्या आल्बममधील जुनी छायाचित्रे ओढून काढल्यास फाटतात. दात स्वच्छ करण्याचा दोरा मागून हळूहळू सरकवून पाहावा. तरीही सुटत नसल्यास पान जसेच्या तसे स्कॅन करावे.