बाजार आणि वजनाचा शिक्का

‘बाजार’ हा फारसी शब्द मराठीत कधीच रुजला. १९९७ साली अमेरिकी प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी तो सॉफ्टवेअरच्या चर्चेत आणला. जर्मनीतील वुर्झबर्ग इथे मांडलेल्या ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधात त्यांनी दोन पद्धतींची तुलना केली. एक, मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड बांधलेले चर्च. दुसरी, असंख्य अनोळखी हातांच्या गजबजाटातून उभे राहिलेले लिनक्स. रेमंड लिबर्टेरियन विचारांचे. वरून हुकूम नसतानाही माणसे उत्तम काम करतात, याचा पुरावा त्यांना लिनक्समध्ये दिसला. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली, त्यामागे या निबंधाचीही प्रेरणा होती.

पण लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्येच लिनक्सला रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना लावला होता. त्याची अट साधी आहे. कोड घ्या, बदला, विका. मात्र बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याचा सोर्सही द्या. ही अट टिकते ती कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे सरकारच्याच जोरावर. पुढे २००५ मध्ये एका मुलाखतीत रेमंड यांनी आता जीपीएलची गरज उरली नाही, असे मत मांडले.

इथे ते चुकले, असे मला वाटते. आपल्या आठवडी बाजारातही कुणी कुणाला हुकूम देत नाही. पण वजनावर सरकारी शिक्का असतो. तो शिक्का गेला, तर मोठ्या व्यापाऱ्याचे काही बिघडत नाही. फसतो तो पावशेर डाळ घेणारा.