रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ आणि संप्रेरकोपचार : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची पाळी एकाएकी थांबत नाही. थांबण्यापूर्वी काही वर्षे ती मागेपुढे होते. कधी दोन-दोन महिने येत नाही, तर कधी आली की आठ-दहा दिवस थांबत नाही. या काळाला वैद्यकशास्त्रात रजोनिवृत्तीपूर्व संक्रमणकाळ असे म्हणतात. संप्रेरकोपचाराचा इतिहास मात्र बहुधा या काळाचा न राहता पाळी संपल्यानंतरच्या आयुष्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वस्तुतः या उपचारामागे प्रारंभापासून दोन भिन्न कल्पना होत्या. संपलेल्या संप्रेरकाची भरपाई करणे ही एक आणि बिघडलेल्या पाळीचे नियमन करणे ही दुसरी. पहिलीला पैसा, प्रसिद्धी व संशोधन लाभले. दुसरी तुलनेने उपेक्षित राहिली. या उपेक्षेची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अर्कापासून स्फटिकापर्यंत :
'मेनोपॉज' ही संज्ञा फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांनी १८२१ मध्ये रूढ केली. त्यानंतर सुमारे सात दशके या अवस्थेवर विशिष्ट असा उपचार नव्हता. १८८९ मध्ये पॅरिस येथे वृद्ध शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेतला व तारुण्य परतल्याचा दावा केला. हा दावा शास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पण ग्रंथींच्या अर्काने उपचार करता येतील ही कल्पना टिकली आणि पुढील दशकात युरोपात अंडाशयाची भुकटी स्त्रियांना दिली जाऊ लागली.

खरी प्रगती १९२३ नंतर झाली. अमेरिकेतील सेंट लुई शहरात एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी डुकरांच्या अंडाशयातील द्रवाचा परिणाम उंदरांवर दाखवून दिला. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीतील ब्यूटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन स्फटिकरूपात वेगळे केले. १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून तयार केलेले 'प्रेमारिन' अमेरिकेच्या बाजारात आले. तत्पूर्वी १९३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी 'डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल' हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले होते. ते स्वस्त होते आणि त्यावर पेटंट नव्हते, त्यामुळे त्याचा वापर झपाट्याने वाढला. गर्भपात टळावा म्हणून ते गर्भवती स्त्रियांनाही दिले गेले. त्यांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळत असल्याचे १९७१ मध्ये बोस्टन येथील डॉक्टरांनी सिद्ध केले. औषधाची हानी औषध न घेतलेल्या पुढच्या पिढीत दिसावी, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

पाळीच्या नियमनाची दुसरी वाट :
संक्रमणकाळातील स्त्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा इतिहास मेक्सिकोत घडला. रसेल मार्कर यांनी तेथील रानटी कंदांपासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची पद्धत शोधली. १९५१ मध्ये मेक्सिको सिटी येथील सिन्टेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तोंडावाटे घेता येणारे नॉरइथिस्टेरॉन तयार झाले. १९५७ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने ते व 'एनोव्हिड' ही गोळी पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर केली. 'एनोव्हिड'ला संततिनियमनासाठी मान्यता मिळाली ती १९६० मध्ये. आज जिला सर्रास 'गर्भनिरोधक गोळी' म्हटले जाते ती बाजारात प्रथम पाळीचे औषध म्हणूनच आली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

यामागील कार्यकारणभाव समजून घेणे आवश्यक आहे. संक्रमणकाळात इस्ट्रोजेन एकसारखे घटत जाते, हा समज चुकीचा आहे. ते चढउतार करते, प्रसंगी पूर्वीपेक्षाही वाढते. मात्र अनेक महिन्यांत बीज बाहेर पडत नाही व त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि अवेळी, तुकड्यातुकड्याने व मोठ्या प्रमाणात गळते. अशा स्त्रीला उणीव असते ती प्रोजेस्टेरॉनची. ठरावीक दिवस ते देऊन थांबविले की अस्तर एकदम व नियमित बाहेर पडते. अर्थात पंचेचाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात अस्तराची तपासणी करून कर्करोग नाही याची खात्री करणे अगत्याचे असते. पुढे लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयातील साधन १९९० मध्ये फिनलंडमध्ये आले. अमेरिकेत अतिरक्तस्रावासाठी त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली.

प्रचार, भीती आणि पुनर्विचार :
या दुसऱ्या वाटेवर फारसा गाजावाजा झाला नाही. गाजले ते १९६६ मधील रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार असून इस्ट्रोजेन आयुष्यभर घ्यावे, असा त्याचा सूर होता. विल्सन यांना औषध कंपनीचे अर्थसाहाय्य होते, ही बाब पुढे उघड झाली. १९७५ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दाखविल्यावर त्याला प्रोजेस्टेरॉनसदृश औषधाची जोड देण्यात येऊ लागली. म्हणजे दुसऱ्या वाटेवरचे ज्ञान पहिल्या वाटेने संकटात सापडल्यावर उसने घेतले.

२००२ च्या जुलैमध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन अभ्यासातील संयुक्त उपचाराचा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात ५० ते ७९ वयोगटातील, गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या व त्यांचे सरासरी वय ६३ होते. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७ व पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले. नितंबाच्या हाडाचे फ्रॅक्चर ५ ने कमी झाले. वर्तमानपत्रांत मात्र आकड्यांऐवजी टक्केवारी झळकली आणि जगभर गोळ्या बंद झाल्या. लक्षणीय बाब ही की, या अभ्यासात संक्रमणकाळातील एकही स्त्री नव्हती. सर्वजणींची पाळी आधीच थांबलेली होती. तरीही भीती पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीपर्यंत पोहोचली. वयानुसार केलेल्या २००७ मधील फेरविश्लेषणाने चित्र पुष्कळ बदलले, पण औषधाच्या वेष्टनावरील ठळक चौकटीतील इशारे राहिले. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे इशारे काढून टाकण्याचा निर्णय अमेरिकन औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. एकट्या इस्ट्रोजेनविषयीचा गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवण्यात आला.

बीडचा संदर्भ :
या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध 'पिशवी काढणे' या शब्दांतून येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील हे देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. फडावर पाळीमुळे पडणारा खाडा, मुकादमाकडून घेतलेली उचल, शौचालयाचा अभाव व कर्करोगाची दाखविलेली भीती अशी अनेक कारणे त्यामागे होती. ज्या तक्रारींवर १९५७ पासून गोळी उपलब्ध होती, त्यांपैकी अनेक तक्रारींवर येथे थेट शस्त्रक्रिया झाली. गोळी रोज घ्यावी लागते, तिच्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखाना गाठावा लागतो; सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या स्त्रीला यातील काहीच शक्य नसते. शस्त्रक्रिया एकदाच होते.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढले गेल्यास तिशीतल्या स्त्रीला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी थांबते. अंडाशय अकाली गमावलेल्या स्त्रीने, अन्य अडचण नसल्यास, किमान त्या वयापर्यंत संप्रेरके घ्यावीत अशी आजची वैद्यकीय शिफारस आहे. म्हणजे ज्या औषधोपचाराला बगल देऊन शस्त्रक्रिया झाली, त्याच प्रकारच्या औषधाची गरज आता अनेक वर्षांसाठी निर्माण होते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांच्या हाडांची, हृदयाची आणि औषधाची तजवीज कोणी करावी, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.