काबिल्दो आबिएर्तो

स्पॅनिश अमेरिकेतील वसाहतकालीन नगरसभेची (काबिल्दो) विस्तारित बैठक. एरवी काबिल्दो मोजक्यांची असे. न्यायनिवाडा करणारे आल्काल्दे आणि रेखिदोर हे सभासद मिळून बाजारभाव, वजनेमापे, रस्ते, सणसमारंभ यांचा कारभार पाहत. राजाला पैशाची चणचण भासू लागली तशी रेखिदोरांची पदे विकली जाऊ लागली आणि धनिक घराण्यांच्या हाती गेली. मोठा पेच पडला, तर मात्र काबिल्दो शहरातील ‘वेसीनों’ना, म्हणजे घरदार व प्रतिष्ठा असलेल्या रहिवाशांना, बोलावून त्यांचा कौल घेई.

या प्रथेची खरी ताकद दिसली ती २२ मे १८१० रोजी, बुएनोस आइरेसमध्ये. राजा सातवा फर्नांडो नेपोलियनच्या कैदेत होता. त्याच्या नावाने राज्य चालवणारी सेव्हिलची जुंता (शासनमंडळ) कोसळल्याची बातमी जहाजाने येऊन पोचली होती. सुमारे साडेचारशे निमंत्रणे गेली. आले अडीचशेच्या आसपास. बिशप लुए यांनी स्पेनच्या सत्तेची बाजू मांडली. वकील हुआन होसे कास्तेल्यी यांचा युक्तिवाद असा, की राजाच नसेल तर सार्वभौमत्व लोकांकडे परत येते. एका शहराने साऱ्या प्रांतांच्या वतीने कसे ठरवायचे, हा आक्षेप रास्तच होता. त्यावर हुआन होसे पासो यांनी उत्तर दिले : प्रसंग तातडीचा आहे, थोरल्या बहिणीप्रमाणे बुएनोस आइरेसने आधी पाऊल उचलावे, इतरांना मागाहून विचारावे. बहुमत व्हाइसरॉय सिस्नेरोस यांना हटवण्याच्या बाजूने पडले. तरीही २४ मे रोजी काबिल्दोने त्यांनाच नव्या जुंतेचे अध्यक्ष केले. लोक खवळले. दुसऱ्या दिवशी कोर्नेलिओ सावेद्रा यांच्या अध्यक्षतेखाली नवी जुंता आली. अर्जेंटिनात २५ मे हा राष्ट्रीय सण आहे.

स्त्रिया, गुलाम आणि गोरगरीब यांना या बैठकीत जागा नव्हती, हे विसरून तिचा गौरव करणे अन्यायाचे ठरेल. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला सांतियागो येथे अशाच बैठकीतून चिलीची पहिली जुंता निवडली गेली.

कोलंबियाच्या १९९१ च्या राज्यघटनेने काबिल्दो आबिएर्तोला लोकसहभागाचे साधन म्हणून मान्यता दिली. मतदारयादीतील हजारी किमान पाच जणांनी सह्या करून मागणी केल्यास तेथील नगरपरिषदेला अशी बैठक घ्यावी लागते.