त्रिशंकूचं आकाश: एका ऋषीने केलेला 'फोर्क'

निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही की बातम्यांत हमखास एक शब्द येतो: त्रिशंकू. आज त्याच्या ताऱ्यांबद्दल बोलूया.

गोष्ट वाल्मीकी रामायणातल्या बालकांडातली. त्रिशंकू राजाला सदेह स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नकार दिला, विश्वामित्रांनी पाठवलं, इंद्राने खाली ढकललं. मग विश्वामित्र चिडले आणि दक्षिणेला नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रं घडवायलाच बसले. आमच्या कोडिंगच्या भाषेत, आकाशच फोर्क केलं! शेवटी तडजोड झाली. नवे तारे राहिले, त्रिशंकूही राहिला. पण खाली डोकं, वर पाय.

मराठीत आज 'त्रिशंकू' म्हणतात त्या तारकासमूहाला इंग्रजीत सदर्न क्रॉस म्हणतात. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या युसूफ वडगावातून दक्षिणेला बघा. पतंगासारखे चार तारे दिसतील. खालचा क्षितिजापासून जेमतेम 8 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षाही कमी.

दिल्लीतून मात्र तो खालचा तारा उगवतच नाही. पण 2000 वर्षांपूर्वी तिथून दिसायचा! कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं लागतात. दुसऱ्या शतकात टॉलेमीने हेच तारे नरतुरंगात मोजले होते.

महाभारताच्या आदिपर्वात अजून एक धागा आहे. तिथे विश्वामित्र श्रवणापासून सुरू होणारी नक्षत्रं निर्माण करतात. वेदांग ज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेला सुरू व्हायचं. अक्ष डुलल्यामुळे ते पुढे श्रवणात सरकलं. एक नक्षत्र सरकायला साधारण 960 वर्षं लागतात. म्हणून काही अभ्यासकांना या 'नव्या सृष्टी'त बदललेल्या पंचांगाची आठवण दिसते.

मला हा अर्थ आवडतो, पण तो अंदाज आहे, पुरावा नाही. 'आपल्या ऋषींनी तारे बनवले' असा फॉरवर्ड आला तर एवढंच सांगा: त्या चौघांतला एक तारा सुमारे 88 प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा 320. ते शेजारी दिसतात फक्त आपल्या जागेवरून. तारे कुणी बनवले नाहीत. त्यांना जोडणारी गोष्ट मात्र माणसानेच बनवली, आणि ती अजून आपल्या बातम्यांत जिवंत आहे.

मे महिन्यात गच्चीवर जा, दक्षिणेचे दिवे टाळा, आणि दिसला तर कळवा. भेटू पुढच्या भागात!