शरणपूर

नासिक शहराच्या पश्चिम भागातील जुनी ख्रिस्ती वसाहत. स्थापनेच्या वेळी ती गावठाणाबाहेर होती. पुढे शहराच्या विस्तारात सामावली गेली. वस्ती लहान असली, तरी पूर्व आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराशी आणि त्यातून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाशी जोडला गेलेला तिचा इतिहास महत्त्वाचा आहे.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील अँग्लिकन संस्थेने १८३२ मध्ये नासिक येथे कार्य सुरू केले. धर्मांतर करणाऱ्यास घर, जात व बहुधा उपजीविका यांनाही मुकावे लागे. अशा कुटुंबांना व निराधारांना आसरा मिळावा, म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ मध्ये ही वसाहत वसविली. ‘शरण आलेल्यांचे गाव’ हा तिच्या नावाचा अर्थ या हेतूस अनुसरूनच आहे.

याच सुमारास ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडत असे. त्यांतून सोडविलेल्या मुलामुलींपैकी अनेकांना मुंबईस उतरविण्यात येई. यांपैकी काहींची व्यवस्था शरणपूर येथील ‘आफ्रिकन असायलम’ या आश्रमात करण्यात आली. यांतील अनेक मुले याओ व इतर पूर्व आफ्रिकी समाजांतील होती. त्यांना इंग्रजी नावे देण्यात आली. लेखन-वाचन व ख्रिस्ती धर्म यांबरोबरच सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय शिकविण्यात आले. दास्यातून त्यांची सुटका झाली होती. तथापि मूळ गाव, आप्त आणि पुष्कळदा जन्मनावही त्यांना दुरावले होते.

येथील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८६४ मध्ये मोंबासाजवळील राबाई येथील मिशनकार्यासाठी पाठविण्यात आले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–७३) याने १८६६ मध्ये आरंभिलेल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासातही नासिकचे नऊ विद्यार्थी होते. १८७२ मध्ये त्याच्याकडे धाडलेल्या तुकडीबरोबर जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे नासिकचे आणखी दोघे गेले. लिव्हिंग्स्टन मे १८७३ मध्ये सध्याच्या झँबियातील चिटांबो याच्या गावी मरण पावला. त्याचे हृदय तेथेच पुरण्यात आले, तेव्हा वेनराइटने प्रार्थना वाचली व जवळच्या झाडावर लेख कोरला. शव हजारो किलोमीटर वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. शवासोबत तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीस उपस्थित राहिला. वेलिंग्टन मोंबासा येथे १९३५ मध्ये निधन पावला.

मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या प्रयत्नांनंतर झांझिबारच्या सुलतानाने १८७३ च्या तहान्वये गुलामांच्या सागरी व्यापारावर बंदी घातली. सुटलेल्यांची सोय भारताऐवजी पूर्व आफ्रिकेतच करावी, हा विचार यानंतर बळावला. प्राइसने १८७५ मध्ये मोंबासानजीक फ्रिअरटाउन ही वसाहत स्थापिली. तिच्या उभारणीत नासिकहून गेलेल्या आफ्रिकींचा मोठा वाटा होता. ‘बाँबे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक तेथे शिक्षक, कारागीर, दुभाषे व धर्मोपदेशक झाले. जोन्स व सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मसेवेची दीक्षा मिळाली. जन्मभूमीच्या खंडात परतूनही त्यांची स्थिती सोपी नव्हती : स्थानिकांना ते परके वाटत, तर शिक्षित असूनही मिशनमध्ये त्यांना युरोपीयांच्या बरोबरीचे स्थान मिळाले नाही.

आफ्रिकी मुलामुलींचे आगमन थांबल्यावर शरणपूर ही मुख्यतः मराठी ख्रिस्ती वस्ती राहिली. नासिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. या वसाहतीचे नाव शहरातील शरणपूर रस्त्याने टिकविले आहे. तिच्या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र मोंबासाच्या किनाऱ्यावर घडला. म्हणूनच शरणपूर व फ्रिअरटाउन यांचा अभ्यास एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.